दिगूदादा आणि सव्वासात किलोची पहार

थांबा, कुणी स्क्रोल करू नका, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय नायतर माझं पोट फुटंल. सांगायचंय खरं म्हणजे दिगूदादाला. पण तो गेला त्याला आज चौदा दिवस झाले. म्हणून लिहिते त्यालाच, तुम्ही बाजूला बसून ऐका. चुका काढू नका, लई फास्ट टाईप करतेय.

दिगूदादा, मी तुला मारलेलं नाय.

हे मला आज दुपारी कळलं, तुझ्याच हॉलमधी, तुझ्याच त्या डुगडुगणाऱ्या टेबलापाशी. त्याआधीचे तेरा दिवस मला पक्कं माहीत होतं की मीच मारलंय. कुणाला बोलले नाय. आईला नाय, फरहानला नाय, केतनला नाय. तुझ्या तेराव्याला जेवायला बसले तर घास खाली उतरंना. शेजारच्या काकू म्हणल्या, "लई जीव होता गं पोरीचा त्याच्यावर." जीव होताच. पण घास त्याच्यामुळं अडकला नव्हता.

सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं माहितीय, पण वाचणाऱ्यांना आपला गेम माहीत नाय.

गेम म्हणलं की लोकांना मोबाईल आठवतो. हा तो नाय. हा टेबलाभोवती बसून तोंडानं खेळायचा. एकजण गोष्ट चालवतो, तो तू. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, ते आम्ही तिघं, मी, फरहान आणि केतन. काही अवघड करायचं असलं की फासा टाकायचा, जमलं का नाय ते फासा सांगतो. प्रत्येकाचा एक कागद असतो, त्याच्यावर आपल्या माणसाचं नाव, हुद्दा, दम किती उरला, जवळ सामान काय काय. आणि जग तू स्वतः बनवलेलं. सगळं संपलंय. वीज नाय, पेट्रोल नाय, सरकार नाय, आणि देवगिरी किल्ल्यावर लष्कराची एक तुकडी तेवढी उरलीय. त्या तुकडीनं खाली जी काही गावं राहिलीत ती सांभाळायची आणि पाणी शोधत फिरायचं. दर रविवारी सकाळी दहा ते दोन, मुकुंदवाडीत, तुझ्या दुसऱ्या मजल्यावर. तू एक्केचाळीस वर्षांचा, शेंद्र्याच्या कंपनीत टूल स्टोअर सांभाळणारा, कामगारांना पाने-पकडी काढून देणारा, आणि आम्ही कॉलेजची पोरं. लोक विचारायचे, हा माणूस या पोरांत काय करतो? आम्हाला कधी पडला नाय तो प्रश्न.

पहिले दोन रविवार आम्ही नुस्त्या गोळ्या झाडल्या. कुणी दिसलं की ढिच्क्यांव. तिसऱ्या रविवारी तू चष्मा पुसत पुसत म्हणालास, "दारूगोळ्याच्या कोठीत पाणी शिरलं. सगळं भिजलं."

"म्हणजे?" केतन म्हणला.

"म्हणजे आता हातघाई."

फरहान उभाच राहिला. "दादा, ये तो धोका है!"

"धोका नाय रे, गळकं छत आहे. लिहा आपापली हत्यारं."

केतननं लिहिलं सामुराई तलवार. मी लिहिली खिळे ठोकलेली बॅट. फरहाननं चेनसॉ. तू तिन्ही कागद ओढलेस आणि खोडरबर घेऊन तिन्ही खोडलेस.

"चेनसॉला पेट्रोल कोण घालणार, तुझे अब्बा? आणि केतन, ही तलवार तुला कुठं मिळाली? गुलमंडीच्या बाजारात?"

आणि मग तू तो नियम सांगितलास, जो मी आजपर्यंत कुठल्याच गेममधी बघितला नाय. हत्यार तेच, जे तुमच्या घरात आत्ता या मिनिटाला पडलेलं आहे. विकत आणायचं नाय, मागून आणायचं नाय. पुढच्या रविवारी घेऊन यायचं, टेबलावर ठेवायचं, ते हातात घेऊन तीनदा जिना चढून-उतरून दाखवायचा, तेव्हा तू ते कागदावर लिहिणार. "जग बुडल्यावर दुकानं उघडी नसतात," म्हणालास. "कोपऱ्यात जे अवजार पडलेलं असतं ना, तेच हातात येतं. हत्यार नंतर होतं ते."

तो रविवार आठवतो का? केतन सेल्फी स्टिक घेऊन आला होता. बिचाऱ्याच्या घरात सगळे बँकेत आणि ऑफिसात, त्यांच्याकडं हातोडीसुद्धा नाय, खिळा ठोकायलाही माणूस बोलावतात.

तू म्हणालास, "याच्यानं काय, शत्रूचा फोटो काढणार?"

दुपारी त्याला परत घरी पाठवलंस, आणि तो आईच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आला, आई मागून फोनवर ओरडतीय की आज वेलदोडे कशानं कुटू. फरहाननं अब्बांच्या गॅरेजमधली टायर काढायची टामी आणली. आणि मी आणली पहार. पिशोरला आमच्या शेतात विहिरीचं काम झालं तेव्हाची, पाच फुटी, एका टोकाला चपटी, एका टोकाला अणकुचीदार. शहरात घर बांधलं तेव्हा पप्पांनी सोबत आणली आणि तेव्हापासून ती आमच्या जिन्याखाली पडून.

तू प्रत्येक हत्याराला तीन आकडे द्यायचास. वजन, पोच आणि आवाज. वजन वहिनीच्या लटकवायच्या काट्यावर. पोच हातानं आणि वितीनं मोजून. आणि आवाज मोजायला तू ते गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर सोडून द्यायचास. बत्ता पडला, फक्त आम्हाला ऐकू गेला. टामी पडली, वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली. पहार पडली आणि खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन बोंबलले, "दिगंबर, घर पाडतो का काय रं!" तू शांतपणे आवाजाच्या खान्यात लिहिलंस, दहापैकी दहा.

सव्वासात किलो, तीन हात, दहा. गेममधली माझी नाईक दुर्गा आणि तिची पहार. मी इतकी खुश होते ना दादा, घरी जाऊन आईला तो कागद दाखवला. आई म्हणली, "पहारीला काय दाखवतीस, ती मी तुझ्या जन्माआधीपासून बघतीय."

पण तुला सांगू का, मला त्या दिवसापासून घरातल्या वस्तू वेगळ्याच दिसायला लागल्या. विळी बघितली की पोच मोजायचे. कुकरची शिट्टी झाली की आवाजाचा आकडा. मामाकडं गेले तर गोठ्यात उभी राहून फावड्याच्या दांड्याचा तोल बघत बसले. मामा म्हणला, "शेती करणार व्हय तू?" म्हणलं, नाय मामा, युद्ध. ऑनलाईन गेमवाले जे दाखवतात ना, काटेरी गदा आणि धूर सोडणाऱ्या कुऱ्हाडी, ते सगळं मला खेळण्यातलं वाटायला लागलं. त्यांच्या हत्यारांना कुणाच्याच हाताचा घाम लागलेला नसतो. हे वाक्य माझं नाय, तुझंच आहे, पण मी ते सगळीकडं माझं म्हणून खपवलंय. सॉरी.

आणि ती अंधारी! किल्ल्याच्या त्या अंधाऱ्या भुयारातून तुकडी जातीय, समोर दुश्मन, शब्द काढायचा नाय, आणि माझा फासा पडला एक. एक म्हणजे सत्यानाश. पहार भिंतीला आपटली. तू नुसतं ताट उचललंस आणि चमच्यानं एकदा वाजवलंस. टण्ण. आम्ही तिघंही खुर्चीत दचकलो. फरहान मला म्हणला, "तेरी पहार हम सबकू खा जाएगी." आणि त्याच भुयाराच्या शेवटी शिळा पडून वाट बंद होती. बत्त्यानं काय होणार, टामीनं काय होणार? पहार लागली. वीस पडले. विसाच्या वर आकडाच नाय त्या फाशावर. तू उभं राहून टाळ्या वाजवल्यास, जे गोष्ट चालवणाऱ्यानं करायचंच नसतं.

मग तुझ्या डोक्यात आला तो नियम. पहारवाल्याचा दर तीन कोसाला एक दम कमी.

मी म्हणलं का? तू म्हणलास, सव्वासात किलो लोखंड, वर पाठीवर सामान, देवगिरी ते खुलताबाद कूच, माणूस थकणार नाय व्हय? मी म्हणलं, आमची आई पहार खांद्यावर टाकून घरापासून शेतापर्यंत जायची, डोक्यावर पाण्याची कळशी वेगळी. तू म्हणलास, "तुझी आई शेतात जायची, युद्धावर नाय." मी म्हणलं, "तू आमचं शेत बघितलं नाय." पाच रविवार चाललं हे. केतन म्हणायचा आपण खेळूया का प्लीज. तू हसत हसत भांडायचास आणि मी खरंखरं. हा आपल्यातला फरक मला आता कळतोय.

तर तो गुरुवार. ग्रुपवर तू परत तोच नियम टाकलास, कागदावर लिहून त्याचा फोटो, खाली लिहिलंस अंतिम निर्णय. माझा त्या दिवशी पेपर बेकार गेला होता. मी लिहिलं, "तू स्वतः चाललायस का कधी पहार घेऊन? स्टोअरमधी खुर्चीत बसून पाने वाटतोस नुसता. आधी चालून दाखव, मग नियम लिही."

पाठवलं आणि लगेच वाटलं, जास्त झालं. पण डिलीट नाय केलं. तुझं उत्तर आलं चार मिनिटांनी. "बरं. बघतो." पहार तुझ्याच घरी होती, दर वेळी कोण ने-आण करणार म्हणून.

रविवारी तू गेम ठेवलाच नाहीस, वहिनीच्या माहेरी काहीतरी होतं. आणि सोमवारी सकाळी केतनचा फोन. कंपनीची बस यायच्या आधी दारात बूट घालता घालता तू कोसळलास. एकच बूट घातला होता म्हणे.

मी तुझ्या घरी आले तेव्हा वहिनी बायकांमधी बसली होती आणि कुणाला तरी सांगत होती, "डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं, वजन उचलू नका म्हणून." मला हे माहीतच नव्हतं! तू कधी बोललाच नाहीस! मी अजून ते पचवत होते तोवर जिन्यात खालचे काका दुसऱ्या कुणाला सांगत होते, "अहो शनिवारी तर बघितलं मी सकाळी. पाठीला सॅक, खांद्यावर ही एवढी पहार, निघाला तरातरा. म्हणलं कुठं रं, तर म्हणला, हर्सूलपर्यंत जाऊन येतो चालत." आणि वहिनी परत कुणाला तरी म्हणली, शनिवारी आले तर शर्ट नुसता निथळत होता.

पहार दारामागं उभी होती, मी बघितली.

आता मला सांग, मी काय समजायचं? वजन उचलू नको सांगितलेला माणूस, उन्हाळ्याचं ऊन, मुकुंदवाडी ते हर्सूल म्हणजे शहराचं पार दुसरं टोक, सव्वासात किलो. शनिवारी चालला आणि सोमवारी गेला. आणि चालला कुणाच्या बोलण्यावरून? माझा मेसेज ग्रुपवर होता. सगळ्यांना दिसत होता. मला वाटायचं आता केतन बोलंल, आता फरहान बोलंल. कुणीच काही बोललं नाय, तेव्हा मला वाटलं त्यांनाही कळलंय आणि दया येतीय माझी. मी ग्रुप म्यूट केला. तेरा दिवस रोज मनात तो रस्ता चालले तुझ्याबरोबर. तू आता सिग्नलला आला असशील. आता तुला दम लागला असंल. आता बसला असशील कुठंतरी सावलीला. आणि मी घरात पंख्याखाली.

आज सकाळी वहिनीचा फोन. "वैष्णवी, ती पहार घेऊन जाशील का गं? दारामागं झाडताना पायावर पडंल असं वाटतं." मी हो म्हणलं, आणि फरहानला मेसेज केला, कारण रिक्षात पाच फुटी पहार कोण घेणार? तो स्कूटी घेऊन आला.

वहिनीनं पाणी दिलं. तुझ्या फोटोला हार होता, तो मी बघितलाच नाय, सरळ दारामागं गेले आणि पहार उचलली. पण हातात ती आली ना दादा, तशीच सुटली फरशीवर. दहापैकी दहा. खालून काका ओरडले नायत. त्यानंच मला जास्त रडू आलं. मी खाली बसले आणि बोलून टाकलं सगळं. वहिनी, मी मारलं त्याला. मीच म्हणलं होतं चालून दाखव. मला माहीत नव्हतं वजनाचं. मीच.

फरहाननं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"क्या बोलरी तू?" तो म्हणला.

"चालला ना तो हर्सूलपर्यंत! माझ्यामुळं चालला!"

"कौन चला?" फरहान म्हणला. "दादा? दादा किदर चले?"

आणि मग तो कपाळाला हात लावून बसला सोफ्यावर. "यार वैष्णवी. वहिनी, अब मेरेकू बोलने दो. दादा ने वादा लिया था. मैं बोला, दादा, बादमें तो बताओगे ना उसको? बोले, मरेपर्यंत नाय. तो अब... अब तो बता सकता ना मैं?"

वहिनी म्हणली, "बोल बाबा तू."

दादा. अरे दादा! तू चाललास दोनशे पावलं! तुझ्या दारापासून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फरहानच्या अब्बांच्या गॅरेजपर्यंत! तिथं पहार टेकवलीस टायरांच्या ढिगाला आणि स्टुलावर बसलास. म्हणे अब्बांना माझा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवलास, "बघा चाचा, ही पोरगी काय बोलती मला, खुर्चीत बसून पाने वाटतोस!" आणि अब्बा म्हणले, "सही तो बोली." आणि तू इतका हसलास की चहा सांडला. चाचांनी दुसरा मागवला. मग भजी मागवलीस. दोन प्लेट. एकटा खाल्लीस.

आणि मग काय केलंस? मग फरहानला म्हणलास, स्कूटी काढ. मागं बसलास, पहार उभी धरलीस हातात, भाल्यासारखी, आणि गेलास हर्सूल तलावावर. स्कूटीवर! सिग्नलला एका ट्रॅफिकवाल्यानं हटकलं, "हे काय, दरोडा टाकायला चाललात का?" तर म्हणलास, "साहेब, झाडं लावायला." आणि फरहान म्हणतो, साहेबांनी सलाम ठोकला तुला.

तलावावर उतरून फोटो काढायला लावलेस. फरहाननं मोबाईल काढून दाखवले आम्हाला, अकरा फोटो आहेत. पहार खांद्यावर, नजर लांब, छाती फुगवलेली, एकदम शेवटचा सैनिक. आणि शर्ट भिजलेला. गळ्यापासून पोटापर्यंत.

वहिनी म्हणली, "हाच शर्ट. निथळत होता."

फरहान म्हणला, "वहिनी, वो पसीना नक्को समजो. बिसलेरी की बाटली है. मैंनेच डाला. दादा बोले, पीठ पे भी डाल, मागून पण दिसला पाहिजे."

दिगूदादा, वहिनी हसली.

आधी मला वाटलं रडतीय, कारण तोंडाला पदर लावला होता. मग आवाज आला. ती अशी हसली की तिला ठसका लागला, आणि म्हणली, "मला म्हणले वैशाखातलं ऊन बघ कसं आहे! मी लिंबू सरबत करून दिलं त्यांना! पायाला तेल लावून दिलं! लबाड माणूस!" आणि फरहान म्हणला, "तेल पण?" आणि आम्ही तिघंही, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, पोट धरून. कुणी आलं असतं तर काय म्हणलं असतं! मी रडत पण होते आणि हसत पण होते आणि नाक पुसायला तुझ्या गेमचा कागद घेतला, तुझ्या अंतिम निर्णयाचा, सॉरी, दुसरं काही जवळ नव्हतं.

मग हसणं थांबलं, आणि वहिनी हळू बोलायला लागली. म्हणली, डॉक्टरांनी सांगितलंय हृदयाची नळी कधीची बंद होत आली होती. पंधरा दिवसांपासून तू पाठ चोळून घेत होतास तिच्याकडून आणि गॅस म्हणत होतास. ती म्हणायची दाखवून येऊ, तू म्हणायचास स्टोअरची मोजणी संपू दे. "दोनशे पावलं तर ते रोज दुधाला जायचे गं," म्हणली. "तुझ्या पहारीनं काय होतंय. मी ओढून न्यायला पाहिजे होतं दवाखान्यात." आणि बोलता बोलता ती तुझे गेमचे फासे उचलून ठेवायला लागली डब्यात, एकेक. मी नुसती तिच्याशेजारी बसले आणि डबा धरला. फरहान म्हणला, "मैंने दो प्लेट भजे खिलाए, वहिनी. मेरेकू भी नींद नई आई." वहिनीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आता कळतंय, त्या घरात आम्ही तिघंही तेच पाप खिशात घालून फिरत होतो, फक्त प्रत्येकाचं वजन वेगळं. माझं आज उतरलं. वहिनीचं नाय उतरलं अजून. मी उद्या परत जाणार आहे तिच्याकडं, काही कारण नसलं तरी.

एक अजून. फरहान म्हणला, गॅरेजपर्यंत पोचलास तेव्हा तू खांद्याचं काही बोललाच नाहीस, तळहात दाखवलास लाल झालेला. नऊ वाजताच्या उन्हातसुद्धा लोखंड तापतं, धरवत नाय. "दादा बोले, वजन-बिजन कुछ नई, वैष्णवी भी गलत, मैं भी गलत, इसकू फडका लपेटना पडता." आपण पाच रविवार किलोवर भांडलो आणि उन्हाचा खानाच ठेवला नव्हता कागदावर! मी घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणली, "मग? पहारीला फडकं बांधल्याशिवाय कोण नेतं उन्हात?" अगं मग सांगायचं ना! तर म्हणली, "तू विचारलं कुठं, तू तर मला तिचे आकडे दाखवत होतीस."

म्हणजे तू हरलास, मी पण हरले, आणि आई जिंकली. आणि तू पुढच्या रविवारी गेमला मला काय सांगणार होतास, तर हर्सूलपर्यंत चाललो, मेलो, नियम बरोबर आहे. ते अकरा फोटो दाखवणार होतास. मी विश्वास ठेवला असता दादा. मी सॉरी म्हणले असते, तुझ्या पाया पडले असते, आणि तू मरेपर्यंत सांगणार नव्हतास! मला इतका राग येतोय तुझा की तू समोर असतास तर... आणि तू समोर नायस. हे मला चौदा दिवसांत आज पहिल्यांदा नीट कळलं, कारण इतके दिवस मला माझंच पडलं होतं. तुझ्यासाठी मी आज दुपारी पहिल्यांदा रडले. आधीचं सगळं माझ्यासाठी होतं.

तो खुर्चीचा मेसेज मात्र राहिलाच. त्याबद्दल सॉरी म्हणायचं होतं, तू हसला असलास तरी. तू खुर्चीत बसून नुसते पाने वाटत नव्हतास. आम्हा तिघांना हातातली वस्तू हातात घेऊन बघायला तू शिकवलंस, ती आधी कशासाठी होती आणि वेळ आली तर कशासाठी होऊ शकते ते. हे मी तोंडावर कधी म्हणले नसते, तुझा भाव वाढला असता.

घरी येऊन मी झोपले. दुपारी तीनला पडले ती साडेसातला उठले, आई दोनदा येऊन श्वास बघून गेली म्हणे. उठले आणि हेच लिहायला बसले.

आता तुम्ही सांगा, जे वाचताय ते. असं कधी झालंय का तुमच्यासोबत? कुणीतरी गेलं आणि तुम्हाला वाटत राहिलं की आपल्याच एका वाक्यानं गेलं, आणि कुणाला विचारायची हिंमत झाली नाय? आणि मग कळलं का, की त्या माणसानं तुम्हाला चक्क फसवलं होतं? आणि फसवलं म्हणून तुम्ही त्याला हात जोडलेत का कधी, रडत, हसत, थँक्यू थँक्यू म्हणत?